खोलीचा पारा वजा करून बघ

प्रोसेसर किती तापला हे विचारायच्या आधी खोली किती तापली ते विचार. नायगावात संगणकाच्या कामाला हात घालणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगत आलो आहे. दुकानात मल्टिमीटर लागतो, स्क्रू-ड्रायव्हर लागतो, तसा एक साधा डिजिटल थर्मामीटरही लागतो. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. ती भिंतीवर टांगून ठेवायची नाही. कॅबिनेट जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी ठेवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग आकडा वाचायचा. हा आकडा हातात नसेल तर स्क्रीनवर दिसणाऱ्या अंशांचा अर्थच लागत नाही.

तू मोबाइलवर व्हिडिओ बघतोस. त्यात एखादा परदेशातला परीक्षक सांगतो की अमुक पंख्याने प्रोसेसर ६५ अंशांवर राहिला. त्याची खोली २१-२२ अंशांवर धरलेली असते. म्हणजे प्रोसेसर हवेपेक्षा ४३-४४ अंश वर गेला. आता तोच प्रोसेसर, तोच पंखा आणि तेच काम मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या दुकानात आणून ठेव. दुपारी आत ४२ अंश असतील तर स्क्रीनवर ८५-८६ दिसणार. गिऱ्हाईक घाबरतं, पोरगं पंखा बदलून देतं, आणि नवा पंखाही तेच ८५ दाखवतो. पंख्यात खोट नव्हतीच. नुसत्या हवेवर चालणारा कुठलाही पंखा प्रोसेसरला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली एक अंश चढली की प्रोसेसरही जवळपास एक अंश चढतो. म्हणून स्क्रीनवरच्या आकड्यातून खोलीचा पारा वजा कर. उरेल ते अंतर हा पंख्याचा आणि हीटसिंकचा खरा निकाल. जानेवारीत आणि मे महिन्यात हे अंतर सारखंच यायला हवं.

अंतराच्या शेजारी वॅट लिही. प्रोसेसर २० वॅट खात असताना ४० अंशांचं अंतर पडलं तर ते वाईट, आणि ६५ वॅट खात असताना तेवढंच पडलं तर ते चांगलं. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाक. ते सुरू करताना फक्त सेन्सर दाखवायला सांग. त्यात पॅकेजचं, म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचं, तापमान, पॅकेजची वीज आणि पंख्याचे फेरे एकाच ठिकाणी दिसतात. धर, खोली ४० अंशांवर आहे, पॅकेज ८४ आणि वीज ६५ वॅट. अंतर ४४. त्याला ६५ने भाग, दर वॅटला साधारण ०.६८ अंश येतील. हा आकडा त्या मशीनच्या नावापुढे वहीत लिहून ठेव. सहा महिन्यांनी तेच मशीन परत आलं आणि दर वॅटला ०.९ आले तर हीटसिंकमध्ये धूळ भरली आहे किंवा प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळली आहे, हे झाकण उघडायच्या आधीच कळेल. वही ठेवायचा कंटाळा करू नको. दुकानातलं सगळ्यात मोलाचं हत्यार तेच आहे.

आता हद्दीबद्दल. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल हद्द १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी ची ९५, रायझन ७ ५८००एक्स ची ९०. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण ताणावर ९५ला जाऊन तिथेच थांबतात. ते तसेच चालायला बनवले आहेत असं कंपनीने स्वतः सांगितलं आहे, त्यामुळे तिथे ९५ पाहून पंखा बदलायला धावू नको. जुन्या मशीनवर मात्र पोरं हमखास फसतात. कोअर आय३-२१२० च्या कागदावर ६९.१ अंश असा आकडा छापलेला आहे. तो प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यावर मोजायचा आहे. सॉफ्टवेअर दाखवतं ते आतल्या सेन्सरचं तापमान, आणि ते झाकणापेक्षा वर असतं. दोन्हींची तुलना करून प्रोसेसर हद्दीबाहेर गेला असं कुणाला सांगू नको. आणखी एक खोच रायझनच्या पहिल्या पिढीत आहे. १७००एक्स आणि १८००एक्स हे पंखा लवकर जोरात फिरावा म्हणून मुद्दाम २० अंश वाढवून सांगतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते वाढीव अंश तसेच दिसतात.

माझ्या मनातली मोजपट्टी सांगतो. ही कंपनीची नाही, आपल्या गावच्या हवेत मशीनं उघडून बसलेली आहे. खोक्यात आलेल्या साध्या पंख्यावर, ६५ वॅटच्या प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन, अंतर ४५-५० पर्यंत असेल तर हात लावू नको. ५५च्या पुढे गेलं तर साफसफाई कर. ६५ला पोचलं तर हीटसिंक काढलाच पाहिजे. जुन्या आय३ला मात्र ३५ अंतरही पुष्कळ झालं, कारण तो प्रत्यक्षात तेवढी वीज खातच नाही.

ताण कशाने द्यायचा हेही ठरवून घे. सिनेबेंच आर२३ मध्ये दहा मिनिटांची चाचणी तयारच असते, तीच सगळ्या मशीनना लाव म्हणजे वहीतले आकडे एकमेकांशी जुळवता येतील. प्राइम नाइन्टीफाइव्हची छोटी एफएफटी चाचणी फार निर्दय आहे. सेवा केंद्रात फॉर्म भरणारं मशीन आयुष्यात कधी तेवढं काम करणार नाही, तेव्हा त्या चाचणीवरून त्याचा निकाल लावू नको. कमाल आकड्याच्या रकान्यावरही भरवसा ठेवू नको. ब्राउझर उघडताना एखादा कोअर क्षणभर उसळतो आणि तो आकडा तिथे चिकटून राहतो. चाचणीच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत काटा कुठे स्थिरावला ते बघ. बायोसमध्ये दिसणारा आकडाही विंडोजमधल्या रिकाम्या मशीनपेक्षा चढाच असतो, कारण बायोसमध्ये प्रोसेसर झोपत नाही. आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही.

वेग मात्र टास्क मॅनेजरमध्ये दिसतो, तो जरूर बघ. पूर्वीच्या प्रोसेसरना जळायची भीती असायची. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरून हीटसिंक काढून दाखवला होता. एएमडीचा अथलॉन तिथल्या तिथे जळाला, पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला. आजचा प्रत्येक प्रोसेसर त्या पेंटियमसारखा वागतो. हद्दीला टेकला की स्वतःचा वेग तोडतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणून आज तापाची तक्रार घेऊन फारसं कुणी येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पीसी लई स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.’ आणि पोरं फॉरमॅट मारून देतात. दोन दिवस बरं वाटतं, कारण विंडोज हलकी झालेली असते. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. स्लो झालेलं मशीन आलं की फॉरमॅटच्या आधी दहा मिनिटं ताण देऊन वेग आणि ताप बघायचा, हा नियम कर.

पण वेग उतरला म्हणजे ताप झालाच असंही समजू नको. आय५-१२४०० सुरुवातीला ११७ वॅटपर्यंत खातो, आणि बोर्ड कंपनीचे नियम पाळत असेल तर साधारण अर्ध्या मिनिटाने ६५वर येतो. वेग उतरताना तापही उतरला तर ती विजेची मर्यादा, त्यात बिघाड काही नाही. वेग उतरला आणि ताप मात्र हद्दीलाच चिकटून राहिला तर प्रोसेसर गुदमरतो आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची वेगळी ओळ आहे. तिथे ‘यस’ आलं की वाद संपला.

आता मुख्य कौशल्य सांगतो, नीट ऐक. ताप जास्त आहे हे कळल्यावर दोष कुठे आहे ते तीन परीक्षांत सापडतं, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

पहिली परीक्षा चढणीची. ताण दिला आणि प्रोसेसर दोन-तीन सेकंदांत ४५वरून ९५ला गेला, तर हीटसिंक प्रोसेसरला टेकलेलाच नाही किंवा मधली पेस्ट वाळून भुगा झाली आहे. धातूचा एवढा मोठा ठोकळा तापायला वेळ लागतो. तो तापायच्या आधीच प्रोसेसर हद्दीला टेकला, म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचलीच नाही. उलट ताप आधी ७०वर थांबला आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ७५, ८०, ८८ असा सरकत गेला, तर जोड चांगला आहे, कॅबिनेटमधली हवा तुंबली आहे.

दुसरी परीक्षा हाताची. मशीन ताणावर असताना, आधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून, पंख्याची पाती चुकवून हीटसिंकच्या कडेला बोट लाव. पाती तीक्ष्ण असतात, घाई करू नको. स्क्रीनवर ९० आणि ठोकळा कोमट? जोड तुटलेला आहे. स्क्रीनवर ९० आणि ठोकळ्याला बोट टेकवत नाही? उष्णता वर आली आहे, ती घेऊन जायला हवा पुरत नाही. या एका स्पर्शाने अर्धा तास वाचतो.

तिसरी परीक्षा बाजूच्या पत्र्याची. ताण चालू ठेवून कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढ आणि दहा मिनिटं थांब. ताप आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेत. दोन-तीनच अंश उतरला तर कॅबिनेटला बोल लावू नको, हीटसिंककडे वळ. पत्रा काढल्याने बरं वाटलं म्हणून तो कायमचा काढून ठेवायचा मात्र नाही. आपल्याकडे उघड्या कॅबिनेटमध्ये पाल शिरते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि धूळ तर आहेच.

धुळीचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण शहरातली पुस्तकी माहिती इथे कामी येत नाही. आपला तालुका कापसाचा आणि सोयाबीनचा. दसऱ्याच्या सुमारास मळणीयंत्रं सुरू होतात, सोयाबीनचा भुसा हवेत तरंगतो. पाठोपाठ कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात आणि नांदेड-देगलूर रस्त्याच्या कडेच्या दुकानांत बारीक तंतू उडत येतात. कोरडी काळी माती नुसतीच असते तेव्हा ब्लोअरच्या एका फुंकरीने उडते. तिच्यात कापसाचे तंतू मिसळले की ती उडत नाही, विणली जाते.

इंटेलच्या गोल पंख्यावरून टॉर्च मारून बघ. पाती जरा मळकट दिसतील, खालची अल्युमिनियमची पानं मधूनमधून चमकताना दिसतील, आणि तुला वाटेल ठीक आहे. आता पंखा हीटसिंकवरून सोडव. पंख्याच्या बरोबर खाली, पानांच्या माथ्यावर, करड्या रंगाचा गोल थर बसलेला असतो, गोधडीच्या तुकड्यासारखा. चिमटीत धरला तर अख्खा निघतो. त्याच्या खालची पानं नव्यासारखी स्वच्छ असतात, कारण तिथपर्यंत धूळही पोचलेली नसते आणि हवाही. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो आणि वारा त्या थरावर आपटून बाजूने निसटून जात असतो. म्हणून माझा हट्ट आहे की पंखा काढल्याशिवाय हीटसिंक साफ झाला असं म्हणायचं नाही. वरून ब्लोअर मारला तर हा थर उलट आत दाबला जातो.

साफ करताना मशीन बंद, वायर काढलेली, आणि काम दुकानाबाहेर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. मोकळी सोडलीस तर ती भलत्या वेगाने फिरतात, बेअरिंगची वाट लागते आणि पंख्यातून उलटी वीज बोर्डात जाऊ शकते. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह टाळ. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, तेलाचा अंश असतो. हवेबरोबर ते थेट मदरबोर्डवर शिंपडलं जातं आणि दोष आठवड्याने उगवतो. एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, बाहेरून फुंकर मार, पण उघडू नको. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

पेस्ट लावायची वेळ आली तर आधी जुनी पूर्ण पूस. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सुटणारं कापड. नवी पेस्ट मध्यावर एका लहान वाटाण्याएवढी पुरे, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होईल ही समजूत सोडून दे. पेस्टमधून उष्णता धातूइतकी वाहतच नाही. दोन धातूंच्या मधल्या बारीक खाचांतली हवा हाकलणं एवढंच तिचं काम, कारण हवा पेस्टहून शेकडो पटींनी वाईट वाहक आहे. टूथपेस्ट लावून मशीन देणारी माणसं अजून आहेत. ती चार दिवस चालते, मग वाळून तिची खडूसारखी पूड होते. असलं काम आपल्या हातून व्हायला नको.

इंटेलच्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या पिना हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष आहे. पिनेच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने फिरवली की ती सुटते. बसवताना चारही डोकी बाणाच्या उलट, मूळ जागी आणून घे, आणि समोरासमोरच्या जोड्या एकत्र दाब. टक् असा आवाज आला पाहिजे. नंतर बोर्ड उलटा करून बघ, चारही भोकांतून पिन पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. तीन बसल्या आणि एक अर्धवट राहिली की ठोकळा तिरका होतो आणि पहिल्या परीक्षेतली ती दोन सेकंदांची उसळी दिसते. नवा हीटसिंक असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का ते दोनदा बघ.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा हीटसिंक सरळ वर ओढू नको. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच पिनांसकट सॉकेटमधून उपसून येतो, आणि एक पिन वाकली की नांदेडची खेप आणि गिऱ्हाइकाचं तोंड दोन्ही बघावं लागतं. आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करून घे. मग बंद करून, स्क्रू सोडवून, ठोकळा हलक्या हाताने डावीउजवीकडे पिळत सैल कर.

कॅबिनेटची जागा बघितल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी किंवा केंद्रावर एकदा तरी जा. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, मागून फळी बंद, बाजूने फळी बंद, अशा खोक्यात मशीन कोंबलेलं असतं. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा फळीवर आपटून पुढे येते आणि तीच परत आत ओढली जाते. खोलीत ३६ अंश असले तरी मशीनच्या तोंडाशी ४५ असतात. म्हणूनच थर्मामीटर तोंडाशी ठेवायला सांगितला. मागची फळी काढ, भिंतीपासून वीतभर जागा सोड, धुळीसाठी शिवलेलं रेक्झिनचं कव्हर मशीन चालू असताना पूर्ण उतरवायला सांग. कॅबिनेटला जास्तीचा पंखा लावायचा तर पुढे खालून हवा आत आणि मागे वरून बाहेर. पंख्याच्या ज्या अंगाला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या अंगाने हवा बाहेर पडते. शंका असेल तर पेटती उदबत्ती जवळ धर, धूर कुठे ओढला जातो ते दिसेल.

उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरपुढेच मशीन ठेवणारे भेटतील. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली खरंच चांगली उतरवतो, आणि खोली उतरली की प्रोसेसर तेवढाच उतरतो, तेव्हा खोलीत कूलर असणं उत्तमच. पण झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरचं पाणी जड, त्याचे तुषार आत गेले की बोर्डावर क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि कनेक्टर हिरवे होतात. कूलरचा झोत माणसांकडे, मशीन त्याच्या बाजूला.

बऱ्याच कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आपल्या पत्र्याच्या दुकानात मार्च संपता संपताच ते ओलांडलं जातं. दहावी-बारावीचे निकाल, प्रवेशाचे दाखले, शेतकऱ्यांची कामं, सगळी गर्दी नेमकी त्याच महिन्यांत. अशा वेळी खर्चाशिवाय करता येईल असा एक उपाय आहे. विंडोजच्या पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० टक्क्यांवरून ९९ टक्के कर. बहुतेक इंटेल मशीनमध्ये टर्बो बंद होतो, वेग मूळ पातळीवर येतो आणि ताप झटकन उतरतो. फॉर्म भरणाऱ्याला फरक कळत नाही. रायझनच्या बऱ्याच बोर्डांत बायोसमध्ये इको मोड असतो, तोही तेच काम करतो. पावसाळा लागला की पूर्ववत कर.

मशीन रिकामं बसलं असताना तापतंय अशी तक्रार आली तर पंख्याकडे जाऊच नको. टास्क मॅनेजर उघड आणि प्रोसेसर किती टक्के कामाला लागला आहे ते बघ. विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला क्रिप्टो खणणारा व्हायरस. हा शेवटचा मी अनेक मशीनमध्ये पाहिला आहे. टास्क मॅनेजर उघडला की काही जण लपूनही बसतात, म्हणून एचडब्ल्यूइन्फोतले वॅटही बघ.

पंखा फिरतो म्हणजे पुरेसा फिरतो असं नाही. फेरे बघ. कुणीतरी आवाजाला कंटाळून बायोसमध्ये पंखा सायलेंटवर टाकलेला असतो. आणि मशीन काहीच न सांगता धाडकन बंद पडत असेल पण ताप हद्दीच्या खूप खाली असेल, तर एसएमपीएस तपास. जुन्या बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारचे कॅपॅसिटर फुगलेत का तेही बघ. त्यांचा ढोबळ हिशोब असा की दहा अंश कमी तापले तर आयुष्य दुप्पट. प्रोसेसर स्वतः ९० अंश सहज सोसतो, पण त्याच्या आसपासच्या या गरीब भागांसाठी कॅबिनेट थंड ठेवायचं असतं.

शेवटी खरेदीचं. कुणी पाण्यावर चालणारा चकचकीत कूलर मागायला आला तर आधी काम विचार. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभारला. त्याच घराण्यातल्या, २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या परम ब्रह्मचे प्रोसेसर थेट भिडणाऱ्या द्रवाने थंड केले जातात. तिथे एकेका कपाटात इतकी वीज जळते की हवेने भागतच नाही. दाखले छापणाऱ्या आय५ला त्याची गरज नाही. असल्या कूलरचा पंप बंद पडला तर मशीन मिनिटभरात आडवं होतं, आणि पाणी वापरलं तरी ती उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत टाकायची असते. दोन हजारांच्या आसपास मिळणारा, चार तांब्याच्या नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा हीटसिंक आपल्या हवेत सगळ्यात चोख. त्यात पंपासारखं मध्येच बंद पडणारं काही नसतं. पंखा गेला तर नवा पंखा तारेने बांधूनही चालतो.

एक विनंती मात्र फक्त तुलाच नाही, हे वाचणाऱ्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि केंद्रचालकांनाही आहे. बरबडा, कुंटूर, मांजरम, नरसी, कुठल्याही गावच्या शाळेत बघा, लॅबच्या कोपऱ्यात ‘बंद’ म्हणून रचून ठेवलेले डेस्कटॉप असतात. त्यातले कित्येक फक्त कापूस बसलेल्या हीटसिंकमुळे आणि वाळलेल्या पेस्टमुळे मंद पडलेले असतात. भंगारात देण्याआधी पंखा उचलून खाली बघा, पेस्ट बदला, दहा मिनिटं चालवून बघा. त्या प्रत्येक मशीनवर अजून एका लेकराला टायपिंग शिकता येतं.